उन्हात ठेवलेली बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे, आणि मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही. तुम्ही म्हणाल, बरणीला दुसरं काम काय? एका जागी बसायचं आणि पोटात घातलेलं सांभाळायचं. खरं आहे. पण पोटात जे घालतात ते गप्प बसत नाही हो. मीठ विरघळतं, पाणी सुटतं, मोहरी चढते, फसफसतं, मुरतं. बाहेरून मी शांत दिसते आणि आत माझी सारखी घालमेल चाललेली असते. गेल्या जानेवारीत तर अशी घालमेल झाली की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी कुठल्या भट्टीत जन्मले ते मला ठाऊक नाही. एवढंच आठवतं की फुंकणाऱ्याचा श्वास जरा अडखळला आणि माझ्या बुडात ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा कायमचा राहून गेला. त्या बुडबुड्यामुळे मला जन्मात कुणी दुसरी समजलं नाही. वीस लिटर पोटाची मी, पेंढ्यात गुंडाळून गिरगावात आले ती माधवरावांच्या लोणच्याच्या दुकानात. काय दिवस होते ते! दारातल्या फळीवर माझी जागा. कैरी, लिंबू, माईनमुळा, आवळा, ज्याचा जो हंगाम त्याने मी भरायची. गिऱ्हाईक आत पाऊल टाकायच्या आधी माझ्याकडे बघायचं. एक बाई तर म्हणायच्या, "माधवराव, त्या मोठीतलंच द्या, बाकीच्यांतलं नको."

माधवराव बोलायला कंजूष. माया बोलून दाखवायची त्या घरात पद्धतच नव्हती. लोणच्याला ऊन दाखवायचं, हीच त्यांची माया. सकाळी अकराला मला बाहेर काढायचे, तीनला आत घ्यायचे, आणि मधल्या वेळात त्यांची मुलगी कालिंदी तासातासाने येऊन मला थोडी थोडी फिरवायची. "एकच बाजू तापू देऊ नकोस गं," ते म्हणायचे. तिचे छोटे तळवे माझ्या पोटावर चिकटायचे. ऊन, मीठ आणि कालिंदीचे हात, यांच्यावर मी वाढले म्हणा ना.

पुढे दुकानाची इमारत पाडायला निघाली. माधवराव तोवर गेले होते. कालिंदीने बाकी सगळं वाटून टाकलं आणि मला मात्र टॅक्सीत मांडीवर घेऊन सासरी आणलं. जवळच, गिरगावातच, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. काही वर्षं तिने मला भरलं. मग तिचे गुडघे दुखायला लागले, घरात खाणारी तोंडं तीनच उरली, दोन किलोचं लोणचं छोट्या बरणीत मावायला लागलं. एक दिवस मला पुसून माळ्यावर चढवलं. शेजारी पंख्याचं खोकं आणि गणपतीचं मोडकं मखर. मित्रांनो, अकरा वर्षं! माळ्यावर ऊन येत नाही. झुरळं येतात.

मला खाली काढलं ते वैदेहीने. कालिंदीची एकुलती एक लेक, सत्तावीस वर्षांची, परळला औषधांच्या प्रयोगशाळेत तपासणीच्या कामावर. ही मुलगी माझ्यासारखीच, एका जागी हिचं बूड ठरत नाही. फोनवर बोलताना खोलीतल्या खोलीत दोन मैल चालते. त्या चालण्यातूनच मला सगळं कळलं. तिला बियर बनवायच्या कामात शिरायचं होतं. दोन वर्षं ठिकठिकाणी विचारून झालं होतं आणि सगळीकडून नकार आला होता. आता लोअर परळच्या एका छोट्या बियर बनवणाऱ्या ठिकाणी एक जागा निघाली होती. एकच. तिथला मुख्य, हितेंद्र नावाचा, तिला म्हणाला होता, "सर्टिफिकेट नको मला. चौदा फेब्रुवारीला तू स्वतः केलेली इंडिया पेल एल बियर घेऊन ये. एकच माल्ट, एकच हॉप. दहा गोष्टी घालून कुणीही चव झाकतं. एकेकच घातलं की लपायला जागा राहत नाही, बघ."

प्लॅस्टिकच्या पिंपाला वास लागतो, काचेला लागत नाही, म्हणून तिने मला निवडलं. तुम्हांला सांगते, अकरा वर्षांनी गरम पाण्याने अंग धुतलं तेव्हा मला रडू फुटायचं बाकी होतं.

घरात मात्र वातावरण तंग. वैदेहीचे वडील चिंतामणी भोईवाड्याच्या कोर्टात कारकून होते, नुकतेच निवृत्त झालेले.

"वैदू, पस्तीस वर्षं मी कोर्टात दारूच्या केसेसच्या फायली बांधल्या. आणि आता माझ्याच घरात?"

"बाबा, विकत नाहीये मी. परीक्षेला न्यायचीय."

"परीक्षेला! इतकी वर्षं पेपर लिहून परीक्षा दिल्यास, त्यात काय कमी पडलं?"

"इथल्या खोताच्या वाडीत नाताळात वाईन करतात ती तुम्हांला चालते. दरवर्षी तिथला केक खाता, वर तारीफ करता."

"केक खातो. वाईन नाही."

कालिंदी या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. फक्त विळीवर भेंडी जरा जोरात चिरत राहिली. आपल्या आईच्या त्या गप्प बसण्याचा वैदेहीने काय अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि मला वाटतं, तिथेच पहिली चूक झाली.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी घरात उद्योग सुरू झाला. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. ते भरडायला वैदेही लवूच्या पिठाच्या गिरणीवर गेली. लवू म्हणाला, "थालीपिठाची भाजणी काय गो?" ही म्हणाली, "तिच्याहून जाड काढ, नुसतं फुटलं पाहिजे." ती भरड मोठ्या टोपात कोमटापेक्षा जरा कडक पाण्यात तासभर भिजली, गाळून निघालं ते गोड पाणी बाहेरच्या खोलीत शेगडीवर तासभर उकळलं, आणि त्यात पडली हॉपची फुलं. वेलीची फुलं असतात ती, दाबून हिरव्या गोळ्या केलेल्या. कडवट वास! पण त्या कडवटपणात पपनसाच्या सालीचा असा काही दरवळ होता की कालिंदीने न राहवून स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली आणि लगेच आत घेतली.

बर्फाच्या पाण्यात टोप गार करून ते सगळं माझ्या पोटात ओतलं. वरून यीस्ट. मला झाकण लावलं, झाकणाच्या भोकात एक वाकडी नळी बसवली, तिच्यात पाणी. आतला वायू त्यातून बाहेर पडेल, बाहेरची हवा आत येणार नाही. भरलेली मी कुणाला उचलवणार? म्हणून मला गॅसच्या सिलेंडरच्या चाकांच्या ट्रॉलीवर बसवलं. मग वैदेहीने मला जुन्या गोधडीत गळ्यापर्यंत गुंडाळलं आणि कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ढकललं.

"आई, बाबा, याचं झाकण उघडू नका हं. बाकी काही करू नका."

झाकणाचं ती बोलली. गोधडी कशासाठी, ते बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या आत जे सुरू झालं ते मी लोणच्याच्या साऱ्या आयुष्यात अनुभवलं नव्हतं. टुपुक टुपुक टुपुक, दिवसरात्र. गोड पाण्याची बियर होत होती आणि माझ्या काचेला आतून गुदगुल्या होत होत्या. वैदेही कामावरून आली की चपला न काढता आधी माझ्यापाशी यायची, नळीतले बुडबुडे मोजायची, आणि पुन्हा येरझारा. मुलीचा जीव टांगणीला आणि माझा तिच्याबरोबर.

गुरुवारी सकाळी ती कामाला गेली आणि कालिंदी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बघितलंत का हो, पोरीने बरणी कशी दडवून ठेवलीय."

चिंतामणींनी पेपर खाली केला. "माझ्या बोलण्यामुळे असणार. शेजारच्यांना दिसू नये म्हणून."

"माझ्या बाबांच्या बरणीला कोपऱ्यात तोंड लपवून बसायची वेळ आली. आपण घरात असून पोरीला चोरी करतोय असं वाटावं? मला नाही बाई बरं वाटत." तिने गोधडीची गाठ सोडली. "आणि थंडीचं फसफसायचं कसं ते? याला ऊन नको दाखवायला?"

चिंतामणी पेपराची घडी घालून उठले. "थांब, उंबऱ्यावरून तुला नाही जमणार. मी उचलतो."

आणि मित्रांनो, कंबरदुखीसाठी पट्टा बांधणाऱ्या त्या माणसाने हं हं करत ट्रॉलीची दोन्ही चाकं उंबऱ्यावरून पलीकडे घेतली आणि मला गॅलरीत आणलं.

ऊन! अकरा वर्षांनंतरचं ऊन! खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी पोरीला, परीक्षेला, सगळ्याला विसरले. तासाने कालिंदी आली आणि तिने मला थोडंसं फिरवलं, अगदी पूर्वीसारखं. हात आता खरखरीत झालेत, पण तेच. उन्हाने आतलं गरम झालं आणि नळी जोरात वाजायला लागली.

"बघा, कशी खूश झालीय," ती नवऱ्याला म्हणाली.

शेजारच्या शेवंतीकाकू गॅलरीतून जाता जाता थांबल्या. "काय गं कालिंदी, काय घातलंयस एवढं?"

कालिंदीने क्षणभरही मागेपुढे पाहिलं नाही. "माझं नाही. वैदूचं आहे. बियर करतेय ती. परीक्षा आहे तिची."

तीन वाजता मला आत घेतलं, गोधडी तशीच्या तशी गुंडाळली, गाठसुद्धा त्याच जागी. पोरीला नंतर कधीतरी सांगू, असं दोघांचं ठरलं. शुक्रवारी हेच. मधे सुट्टी म्हणून शनिवार-रविवार वैदेही घरी, तेव्हा मी कोपऱ्यात. सोमवारी, मंगळवारी पुन्हा ऊन.

शुक्रवारीच मला कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. पपनसाचा वास मागे सरत होता आणि त्याच्या जागी काहीतरी वेगळं, ओंगळ वर येत होतं. लोणच्याला ऊन मानवतं. हॉपच्या बियरला ऊन म्हणजे विष, हे मला तरी कुठे माहीत होतं! सोमवारी कालिंदीने ट्रॉलीला हात घातला तेव्हा मी ओरडून सांगितलं असतं. पण मला तोंड आहे ते फक्त ओतायचं. मी आपली टुपुक टुपुक करत राहिले आणि ते ऐकून ती बिचारी आणखी खूश झाली.

बुधवारी संक्रांत. वैदेहीने सुट्टी घेतली होती, हॉपचा शेवटचा हप्ता माझ्यात टाकायचा होता. कालिंदी तिळगुळाचे लाडू वळत होती. वैदेहीने झाकण उचललं.

"शी! कसला वास हा?" चिंतामणी ताडकन उठले आणि स्वयंपाकघरात धावले. "कालिंदी, गॅस बंद कर! गळतोय सिलेंडर!"

"बंदच आहे हो."

"मग चिचुंद्री मेली असेल कुठेतरी."

वैदेहीने नाक माझ्या तोंडाशी आणलं आणि ती मटकन खाली बसली. "चिचुंद्री नाही बाबा. बियर आहे ही. हिला उजेड लागलाय. पण कसा? मी गोधडीत गुंडाळली होती. कसा लागेल उजेड?"

कालिंदीच्या हातातला लाडू हातातच राहिला. "मी ठेवली गं गॅलरीत. चार दिवस. उन्हात."

"उन्हात?"

"मला वाटलं, तू आमच्यामुळे लपवतेस."

"आई! हॉपला ऊन लागलं की हा वास येतो, दहा मिनिटांत येतो! म्हणून गोधडी होती! तुला नव्हतं करायचं काही तर नव्हतं करायचं, पण माझं वाटोळं तरी कशाला केलंस? एक महिना राहिलाय. एकच जागा होती. एकच!"

कालिंदी रडली नाही. तिने तो लाडू ताटात परत ठेवला, आणि मला ते बघवेना. तेवढ्यात चिंतामणी म्हणाले, "तिला एकटीला बोलू नकोस. उंबऱ्यावरून मी उचलून दिली."

"तुम्ही?"

"रोज. जाताना आणि येताना."

वैदेही त्यांच्या कंबरेच्या पट्ट्याकडे बघत राहिली. तीन इमारती पलीकडे पतंग कापल्याचा गलका झाला. आणि मग ती जी रडली! आईच्या कुशीत तोंड खुपसून, लहान मुलीसारखी. "मला वाटलं तुम्हां दोघांना लाज वाटते माझी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मीच सांगायला हवं होतं गं. ऊन चालत नाही, एवढं एक वाक्य. तुम्ही ऐकणार नाही असं धरूनच चालले मी."

अर्ध्या तासाने डोळे पुसून तिने हिशोब मांडला. माल्ट निम्मं उरलं होतं. हॉपही निम्मे. दहा लिटर होऊ शकतात. पण यीस्ट? मागवलेलं यायला आठवडा, मग बाटलीत मुरायला दिवस उरत नाहीत. पुन्हा येरझारा सुरू.

कालिंदी माझ्या बुडाकडे बघत होती. तळाशी, माझ्या त्या बुडबुड्यावर, पांढरट गाळ बसला होता.

"वैदू, हा गाळ म्हणजेच ते यीस्ट ना? मग विरजणासारखं नाही का करता येत? दही आंबट झालं म्हणून विरजण कोणी टाकून देतं का?"

वैदेही जागच्या जागी थांबली. त्या पोरीला पूर्ण थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "ऊन हॉपला बाधतं. यीस्टला त्याचं काहीच नाही," ती हळूच म्हणाली. "आई, अगं, आई!"

वरच्या बियरची एक बाटली भरून ठेवली, बाकीची मोरीत गेली. गाळ निर्मळ भांड्यात, झाकून, फ्रीजमध्ये, दह्याच्या वाडग्याशेजारी. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोप चढला. या खेपेला ढवळायला कालिंदी होती, घड्याळ धरायला चिंतामणी. तासाची उकळी म्हणजे साठ मिनिटं, एकसष्ट नाही, कोर्टातला माणूस! मधेमधे ते विचारत राहिले, "इंडिया नाव आणि बनवायचे विलायतेत? आणि एवढी कडू का?" वैदेही सांगत राहिली की इकडे यायच्या जहाजांत टिकावी म्हणून हॉप जास्त घालायचे, असं म्हणतात. इतकं ती त्यांच्याशी दोन वर्षांत बोलली नव्हती.

मला गोधडीत गुंडाळल्यावर चिंतामणींनी एक कागद आणला. फायलींवर लिहायचे त्या वळणदार अक्षरात त्यावर लिहिलं: "उजेड वर्ज्य. विचारल्याशिवाय हलवू नये." खाली सही आणि तारीख. तो कागद त्यांनी माझ्या गळ्याशी चिकटवला.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अर्धं पोट रिकामं, आत फसफस, बाहेर तिघं आळीपाळीने येऊन गोधडी चाचपणार. कालिंदी तर खिडकीचा पडदा जरा हलला तरी उठायची. बाराव्या दिवशी झाकण उघडलं, आणि घरभर पपनस! बियर बाटल्यांत गेली, मी रिकामी झाले, आणि मग आणखी दोन आठवडे नुसती वाट बघणं.

चौदा तारखेला वैदेही दोन बाटल्या घेऊन गेली. एक चांगली. एक उन्हातली.

"ती चिचुंद्री कशाला नेतेस?" चिंतामणींनी विचारलं.

"असू दे," ती म्हणाली.

दुपारभर आम्ही तिघं दाराकडे बघत बसलो. संध्याकाळी ती आली, चपला न काढता थेट आत. हितेंद्रने चांगली बियर दोनदा ओतून घेतली म्हणे. कडवटपणा किंचित कमी, पण स्वच्छ आहे, म्हणाला. मग तिने दुसरी बाटली त्याच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, ही माझी पहिली, हिला ऊन लागलं, कारण घरच्यांना सांगायचं ते मी सांगितलंच नाही. हितेंद्रने वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि हसला. "बिघडलेली बाटली परीक्षेला आजवर कुणी आणली नाही. एक तारखेपासून ये. पहिले सहा महिने टाक्या धुवायच्या."

कालिंदीने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. चिंतामणींनी उरलेल्यातली एक बाटली उघडायला लावली, वाटीभर घेतली, एक घोट घेतला. "कारल्याचा रस बरा," म्हणाले, आणि वाटी संपवली.

तर मित्रांनो, अशी मी. माझी काळजी घ्या म्हणून मी तुमच्यापुढे पदर पसरणार नाही. माझी काळजी घेणारी माणसं भली आहेत. मागणं एवढंच, की माया करायला उठाल तेव्हा आधी त्या माणसाला विचारा. आणि तुमच्यावर कुणी माया करत असेल, तर तुम्हांला काय सोसतं, काय सोसत नाही, ते त्याला सांगा. गोधडी गुंडाळून गप्प बसू नका.

मार्चमध्ये कालिंदीने मला आतून धुतलं आणि लिंबांनी भरलं. मीठ, हळद, तोंडावर फडक्याचा दादरा बांधला. अकराचा सुमार. ट्रॉली उंबऱ्यापर्यंत आली, चिंतामणी पट्टा आवळून वाकले, आणि कालिंदीचं लक्ष माझ्या गळ्याशी चिकटलेल्या त्या कागदाकडे गेलं. तिने मोबाइल उचलला. चाळीस वर्षं लोणची घालणारी बाई हो ती, माधवरावांची मुलगी.

"वैदू, कामात आहेस का गं? नाही, एवढंच विचारायचं होतं. लिंबाला ऊन चालतं ना?"

पलीकडे टाकी धुण्याच्या पाण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"चालतं आई," वैदेही म्हणाली. "ठेव तू."

मग चिंतामणींनी मला उचललं आणि मी उन्हात गेले.